पाच मिनिटांचं तिरपं ऊन

जुन्या दफनभूमीचे फोटो काढायचे तर ऊन तिरपं हवं, म्हणून रोज पहाटे मी सूर्याला गदागदा हलवून उठवतो. खोटं वाटेल, पण गेले नऊ दिवस तो माझ्यामागून जांभया देत येतोय. झिजलेल्या दगडावरची अक्षरं त्या उन्हात जेमतेम पाच मिनिटं वर येतात, मग ऊन चढतं आणि सगळे दगड सारखेच कोरे दिसायला लागतात. त्या पाच मिनिटांत मी असा धावतो, की पुरलेली माणसंही घाबरून पाय आखडून घेत असतील.

आज शेजारच्या सेसिलियामावशी सोबत आल्या होत्या. त्यांच्या लहानपणी गेलेल्या बापाची कबर नेमकी कुठली, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. कोपऱ्यातल्या एका दगडावर त्याचं नाव उमटलं आणि मावशी मटकन त्याच्यापुढे बसल्या. त्यांची सावली नेमकी नावावर पडली.

"मावशी, सरका! ऊन जातंय!"

"जाऊ दे रे मेल्या. जन्मभर मिठागरात उन्हातच उभा होता तो. बसू दे की घटकाभर सावलीत."

ऊन चढत होतं, बोट बटणावर वळवळत होतं, आणि मावशी काही उठत नव्हत्या.