पाण्याच्या रांगेतला थ्रोबॉल

गावाकडे कुणी विचारलं की चेन्नईत तू नेमकं करतेस काय, तर मी सांगते, अर्ज लिहिते. लोक हसतात, पण ते खोटं नाही. मैलापूरच्या एका कॉलेजातल्या संशोधन केंद्रात मी नोकरीला आहे आणि मागच्या वर्षी सहा महिने मी एकच अर्ज लिहीत होते. विषय होता लोकांचा खेळातला सहभाग. आमचं केंद्र, परदेशातलं एक विद्यापीठ आणि इथली एक वस्ती, अशा तिघांनी मिळून तीन वर्षं काम करायचं. वस्ती मी शोधली होती, चेन्नईजवळच्या कोवलमची. दुसऱ्या कुणी नाही, मीच.

सापडली ती मासे घ्यायला गेले तेव्हा. कोळीवाड्याच्या मागे दुपारी चारला बायका प्लास्टिकच्या घागरी रांगेला लावतात. पाण्याची लॉरी कधी पाचला येते, कधी सहाला. तेवढ्या वेळात दोन बांबूंना जुनं मासळीचं जाळं बांधून त्या थ्रोबॉल खेळायच्या. अंगात नाइटी, खांद्यावर टॉवेल, पाय अनवाणी. चेंडू हातात आला की क्षणभरही न थांबता पलीकडे भिरकावायच्या. त्यातली एक, चाळिशीची, सकाळी मासे विकणारी, सगळ्यात जोरात फेकायची आणि सगळ्यात जास्त भांडायची. मी तिला अक्का म्हणू लागले. ती मला टीचर म्हणायची. मी टीचर नाही हे तीनदा सांगितलं, मग सोडून दिलं.

"घरी काय सांगून येता?" मी एकदा विचारलं.

"पाण्याला जाते म्हणून सांगते. खोटं आहे का? घागर बघ की, तिथं उभी आहे माझ्या नावानं."

मी दर आठवड्याला जाऊ लागले. एकदा मलाही घेतलं त्यांनी खेळात. माझ्या हातून चेंडू सुटला तसं अक्का म्हणाली, "कॉलेजात हात चालवायला शिकवत नाहीत वाटतं." सगळ्या हसल्या. मीही हसले. शाळेनंतर मी पहिल्यांदाच कुठल्या खेळात उतरले होते.

परदेशातल्या लोकांना हे ऐकून फार आनंद झाला. फक्त ऑनलाइन मीटिंगमध्ये त्यांच्यातला एक जण नम्रपणे म्हणाला, वस्ती आपली भागीदार आहे, तर वस्तीचं सहीशिक्क्याचं पत्र अर्जाला जोडायला हवं. मला ते अगदी रास्त वाटलं. माझे वडील इचलकरंजीत एकाच मालकाच्या यंत्रमागावर वीस वर्षं राबले. मालकानं माग विकले तेव्हा तिथं काम केल्याचा एक चिठोरा त्यांच्यापाशी नव्हता. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली मी. कागद म्हणजे काय असतं, ते मला कुणी शिकवायला नको होतं.

केंद्राच्या प्रमुख बाई तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांची मराठी जुन्या वळणाची, मधूनच तमिळमध्ये शिरणारी; मला त्या लाडानं कन्ना म्हणत. त्या म्हणाल्या, "पत्र मागूं नको, कन्ना. न विचारतां चाललंय, तें तसंच चालूं दे. दुसरी वस्ती घालूं अर्जांत."

मी म्हटलं, "बाई, तुमच्या घरात तीन पिढ्या कागद आहे, म्हणून तुम्हाला त्याची किंमत नाही."

त्या चष्मा पुसत बसल्या. मला वाटलं, मी जिंकले.

पत्र द्यायचं म्हणजे ते कोळ्यांच्या पंचायतीनं. ही सरकारी पंचायत नव्हे, कोळ्यांची आपली. बोटींपासून लग्नापर्यंत सगळं तीच ठरवते. रविवारी सकाळी मी तमिळमध्ये टाइप केलेला मजकूर घेऊन गेले. देवळाच्या मांडवात सहा-सात पुरुष जाळी दुरुस्त करत होते. मला खुर्ची दिली. त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर, पंचायतीच्या थोरल्यांनी कागद सावकाश वाचला.

"कोण खेळतं, अम्मा?"

"बायका. तुमच्याच वस्तीतल्या."

"आमच्या बायका पाण्याला जातात," एक जण जाळ्यातून डोकं वर न काढता म्हणाला.

रोज चारला ही माणसं त्याच वाटेनं चहाला जात. बांबू, जाळं, आरडाओरडा, काहीच त्यांना दिसलं नसेल हे शक्य नव्हतं. ते मुद्दाम पाहत नव्हते, म्हणून खेळ चालला होता. एवढी साधी गोष्ट, पण मला ती तेव्हा दिसली नाही. मला वाटलं, यांना ठाऊक नाही, सांगायला हवं. मी मोबाइल काढला आणि मागे एकदा घेतलेला खेळाचा व्हिडिओ लावून थोरल्यांच्या हातात दिला.

सगळे भोवती जमले. व्हिडिओत अक्का उडी मारून चेंडू झेलत होती, टॉवेल वाळूत पडला होता. कुणीतरी हसलं. "अरे, ही तुझी ना?" अक्काचा नवरा तिथंच होता. तो उठला आणि बोटीकडे चालू लागला.

थोरल्यांनी मोबाइल मला परत दिला. मग, मला आजही नवल वाटतं, सही केली आणि डबीतून शिक्का काढून नीट दाबून उमटवला. म्हणाले, "चांगलं काम आहे. आता हे पंचायतीचं काम झालं. देवीचा उत्सव झाला की बसू आणि ठरवू. कुणी खेळायचं, किती वाजता, अंगावर काय घालून. तोवर थांबू दे."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वेळ ठरणार, नियम ठरणार. अर्जात मी हेच तर लिहिलं होतं. परतीच्या बसमध्ये मी ते पत्र दोनदा पिशवीतून काढून पाहिलं.

पुढच्या आठवड्यात गेले तर घागरी रांगेत होत्या आणि बायका घागरींशेजारी बसल्या होत्या. बांबू नव्हते. मी अक्काशेजारी जाऊन बसले.

"अक्का, उत्सव झाला की—"

"हो. ठरवणार आहेत." ती घागरीच्या तोंडावरची वाळू पुसत होती. "आमचे हे विचारत होते, किती दिवस चाललंय. तेव्हापासून घरात जेवतात, बोलत नाहीत. तुला सही मिळाली ना?"

"मिळाली."

"मग झालं."

रागावली असती तर बरं झालं असतं. मी थोरल्यांकडे गेले. म्हटलं, अय्या, खेळू द्या, पत्र नको मला. ते शांतपणे म्हणाले, "आम्ही कुठं बंद केलं? ठरवायचं आहे फक्त." उत्सव झाला. मग मासेमारी बंदीचे दिवस आले, मग कुणाचं तरी लग्न. पंचायतीचं बसणं काही झालं नाही. नाही कुणीच म्हणालं नव्हतं, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी?

मीटिंगमध्ये मी सांगितलं की कोवलम आता अर्जातून काढू या, तिथं खेळ थांबलाय. पलीकडून विचारलं, पत्र तर आहे ना? मी म्हटलं, पत्रामुळेच थांबला. माझं इंग्रजी कमी पडलं की त्यांची समजूत, कोण जाणे. ते म्हणाले, फार महत्त्वाचा मुद्दा आहे, याचा अभ्यास करता येईल. प्रमुख बाई माझ्या बाजूच्याच खुर्चीत होत्या. ‘मी म्हटलं होतं की,’ असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

अर्ज कोवलमसकट मंजूर झाला. माझं नाव त्यात चौथं आहे. घरी कळवलं तेव्हा वडिलांनी शेजाऱ्यांना पेढे वाटले, आणि मी त्यांना थांबवू शकले नाही.

मग परदेशातले पाहुणे येणार असं ठरलं. त्यांना खेळ पाहायचा होता. मी थोरल्यांना सांगायला गेले ती मनात एवढीच आशा धरून, की ते म्हणतील, खेळ नाही, येऊ नका. ते खूश झाले. "त्या दिवशी खेळवू की. मांडव घालू, खुर्च्या मांडू, माइक लावू. सगळ्यांना एका रंगाच्या साड्या. नाइटी नको. बरं दिसत नाही."

तिथून मी घागरींकडे गेले. बातमी माझ्याआधीच पोचली होती. अक्कानं मला बसायला जागा केली.

"टीचर, साडी नेसून उडी कशी मारायची?"

"तुम्ही नाही म्हणा, अक्का. मी सांगते त्यांना."

"कुणाला सांगतेस? पंचायतीनं ठरवलंय." बाकीच्या ऐकत होत्या. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जिंकायचं कुणी, तेही आधीच सांगून ठेव. उगाच पाहुण्यांसमोर चूक नको."

त्या हसल्या. मला हसता आलं नाही. लॉरीचा हॉर्न वाजला आणि सगळ्या उठून आपापल्या घागरीपाशी उभ्या राहिल्या.