‘किंवा’च्या रकान्यात

ऑफिसातून दरवर्षी एक मेल येतो. आरोग्य विम्यात घरातलं कोणकोण घ्यायचं ते आठवड्याभरात भरा, नंतर वर्षभर बदल नाही. नवरा आणि मूल आपोआप बसतात. त्याखाली एक रकाना असतो, आई-वडील किंवा सासू-सासरे. दोन्ही चालत नाही. हे ‘किंवा’ ज्या शहाण्याने घातलं, तो मला एकदा भेटायला हवा.

लग्नानंतर सहा वर्षं मी डोळे मिटून सासू-सासरे निवडत आले. सासरे गेल्यावरही, सासूबाईंसाठी, तेच. डोंबिवलीत आम्ही त्यांच्याच घरात राहतो, त्यात विचार करण्यासारखं काय होतं! पण गेल्या वर्षी टिटवाळ्याला माझ्या बाबांना डॉक्टरांनी हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं आणि बाबा पोटाला पट्टा बांधून हिंडत राहिले. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ठाण्याच्या ऑफिसात डबा तसाच ठेवून, मी आई-वडील निवडले. घरी सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. सासूबाई जिना चढताना दोनदा थांबतात, हे मला दिसत नव्हतं असं नाही.

रविवारी टिटवाळ्याला जाऊन विम्याचा कागद बाबांपुढे ठेवला. आयुष्यभर खोपटच्या एसटी डेपोत नोकरी केलेला माणूस, वाचल्याशिवाय कशाला हात लावत नाही.

“कॅशलेस म्हणजे फुकट का?”

“नाही ओ बाबा. त्यांच्या यादीतल्या हॉस्पिटलात गेलं आणि आधी मंजुरी मिळाली, की विमा कंपनी परस्पर बिल भरते. त्यातला ठरलेला हिस्सा आपण भरायचा, त्याला को-पे म्हणतात.”

“आणि दुखणं जुनं आहे त्याचं काय?”

“ऑफिसच्या पॉलिसीत जुनं दुखणंही पहिल्या दिवसापासून चालतं. थांबायला नको.”

त्यांनी कागदाची नीट घडी घातली. “आणि तुझ्या सासूबाई?”

“त्याच म्हणाल्या, आधी बाबांचं बघ.”

इतकं सफाईने मी कधी खोटं बोलले नव्हते. बाबांचा चेहरा असा काही खुलला की मला कसंतरीच झालं.

एक गोष्ट मात्र मी साफ विसरले. लेकीच्या घरून काहीही आलं, अगदी डबाभर लाडू आले तरी बाबा विहीणबाईंना फोन करून आभार मानतात. मंगळवारी दुपारी त्यांचा फोन आला.

“सकाळी बोललो गं तुझ्या सासूबाईंशी. किती मोठ्या मनाची बाई! म्हणाल्या, त्यात काय एवढं, मीच सांगितलं तिला.”

त्यानंतर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एकच मेल दोनदा पाठवला. सासूबाई बाबांवर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान घरी काय वाढून ठेवलंय ते कळलं असतं. संध्याकाळी सोसायटीच्या गेटातून मागे फिरले आणि उगाच मेथी घेऊन आले.

सासूबाई टेबलाशी मेथीच निवडत बसल्या होत्या. माझ्या पिशवीकडे बघून म्हणाल्या, “आणखी मेथी?”

मी समोर बसून जुडी सोडली. “आई, मी चुकले.”

“बाबांचं ऑपरेशन होऊ दे आधी. माझे गुडघे थांबतील वर्षभर.” त्यांनी पानं चाळणीत टाकली. “तू विचारलं असतंस ना, तर मी अगदी हेच म्हणाले असते. पण मी काय म्हणाले, ते मला तुझ्या बाबांकडून कळलं.”

उठायला त्यांनी टेबलाची कड धरली. मी हात पुढे केला होता.