मांडीच्या पट्ट्यावरचा लाल टाका

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सेफ्टी बेल्ट शिवणं.

दुपार कलली होती. लातूरच्या आमच्या खोलीपुढच्या ओट्यावर मी बसलो होतो. मांडीच्या पट्ट्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं हातात ताणून धरलेलं. बायको समोर बसून दाभणानं टाके घालत होती. पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीला घासून तो पट्टा एका कडेनं फाटला होता. वाकळ शिवायचा लाल दोरा तिनं दुहेरी घेतला, मेणावरून ओढला आणि वाकळीला घालते तसेच बारीक, एका ओळीत टाके घातले. दाभण अडलं की वाटीतल्या तेलात बुडवायची.

"नीट ताणा की. टाकीवर चढायला जोर हाय, पट्टा धरायला न्हाई."

मी म्हणालो, "हातानं शिव. तोंडानं काय शिवून राहिलीस?"

शिवून झाल्यावर तिनं तो दारावरच्या आकड्याला अडकवला आणि मला लोंबकळायला लावलं. मी सगळं अंग टाकलं. आकडा करकरला, टाका हलला नाही. ती हसली आणि भाकरी टाकायला आत गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी हापशावर कळशी भरताना ती खाली बसली ती उठलीच नाही. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. त्याच्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. चाळीस वर्षं टाक्या रंगवल्या. जळकोटकडच्या, अर्धापूरकडच्या, कुठल्या कुठल्या. त्यातली बरीच वर्षं कमरेला नुसता दोर होता. पुढं बेल्ट आला, पण तो घालायचा कसा हे कुणी शिकवलं नाही. पिशवीत कोंबला की पट्टे गुंततात, म्हणून मी घरूनच अंगात घालून निघायचो. मोटारसायकलवर बेल्ट घातलेला माणूस बघून रस्त्यावरची पोरंटोरं हसायची. हसू दे. बेल्टच्या पाठीवर एक कडी असते, तिच्यातून पट्टे खांद्यावर येतात. ते मागं पिळले तर आपले आपल्याला दिसत नाहीत. ती रोज मला दारात पाठमोरा उभा करायची, पिळा सोडवायची आणि पाठीत एक थाप मारायची. बैलाला मारतात तशी. म्हणजे झालं, जा आता.

ती गेल्यावर पिळा तसाच राहायला लागला. मी तसाच चढायचो. वर गेल्यावर हात आपोआप मांडीवर जायचा आणि टाका चाचपायचा.

असे आठ महिने गेले. मग ठेकेदाराला लातुरातल्या एका डाळ मिलचं काम लागलं. मिलवाल्यांची अट होती की उंचीवर चढणाऱ्या प्रत्येकानं आणि खाली उभ्या राहणाऱ्या मुकादमानंसुद्धा तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं पाहिजे. मुकादम मी, आणि चढणाराही मीच. मी म्हणालो, चाळीस वर्षांत पडलो न्हाई, आता मला कोण काय शिकवणार. ठेकेदार म्हणाला, मग घरी बसा. घरी बसायला घरात होतं कोण? बेल्ट पिशवीत घातला आणि नांदेडची एसटी धरली.

नांदेडच्या बाहेर एका मोकळ्या रानात चार मजली लोखंडी सांगाडा उभा केला होता. शेजारी पत्र्याची शेड, तिच्यातच आमच्या खाटा. आम्ही आठ जण होतो. शिकवणाऱ्या मॅडम उदगीरकडच्या, पस्तिशीच्या. मला काका म्हणायच्या, पण काका म्हणून सवलत काही देत नव्हत्या.

पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं की, माणूस पडला आणि बेल्टनं धरला म्हणजे वाचला असं समजू नका. तसाच लटकत राहिला तर पट्टे मांड्यांना काचतात, रक्त पायात साचतं आणि थोड्या वेळात माणूस बेशुद्ध होतो. बाहेरून कुणी येईल म्हणून वाट बघायची नाही, बरोबरच्यानंच त्याला लगेच खाली घ्यायचं. म्हणून एकट्यानं कधीच चढायचं नाही. बाकीचे माना डोलावत होते. मी जमिनीकडं बघत होतो. आठ महिने मी एकटाच चढत होतो.

नंतर वाळूनं भरलेलं माणसाएवढं पोतं वर टांगून त्याला दोरावरून खाली आणायला लावलं. गाठी मला येतात. पोतं मी असं हळू उतरवलं की मॅडम म्हणाल्या, काका, तुम्ही उतरवणार असाल तर मी पडायला तयार आहे. आठ महिन्यांत मला पहिल्यांदा हसू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान तपासणं होतं. प्रत्येकानं आपला बेल्ट सतरंजीवर पसरायचा आणि बोटांनी इंच इंच बघायचा. मॅडम माझ्यापाशी आल्या, खाली बसल्या, लाल टाक्यावर बोट ठेवलं.

"कुणी शिवलं काका?"

"घरवालीनं."

"हात चांगला आहे त्यांचा." मग म्हणाल्या, "पण हा बेल्ट चालणार नाही. हाताचा टाका पडलेला बेल्ट आम्ही कापून टाकतो."

मी म्हणालो, मी याला सगळं अंग टाकून लोंबकळलोय, जागचा हलला न्हाई. त्यांनी नीट समजावलं. लोंबकळणं वेगळं आणि वरून पडून हिसका बसणं वेगळं. दाभणानं पाडलेल्या प्रत्येक भोकात पट्ट्याचे चार धागे तुटलेले असतात. हिसका बसला की दोरा सुटत नाही, दोऱ्याच्या शेजारून पट्टाच फाटत जातो.

मला ते कळलं. कळलं म्हणूनच डोकं फिरलं.

"मॅडम, ती बाई मेली. तिच्या हातची ही शेवटची चीज हाय. मी घालणार न्हाई, घरी खुंटीला टांगतो. पण कात्री लावायची न्हाई."

"काका, तुमच्यामागं तो खुंटीवरून कुणीतरी काढेल आणि घालेल."

"माझ्यामागं कोण हाय घालायला?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. म्हणाल्या, उद्या सकाळी तुम्हीच सांगा, तोवर लाल पेटीत राहू द्या. खराब सामानाची लाल रंगाची पेटी होती, तिच्यात तो गेला. मला त्यांनी त्यांच्याकडचा नवा दिला.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर लिंबाखाली बसले होते. मी पेटी उघडली, बेल्ट काढला, शेडमधल्या खुंटीला टांगला आणि वरून माझा शर्ट अडकवला. चोरी ती चोरीच. पण पेटीत तुटक्या हुकांखाली तिचे टाके पडलेले मला बघवेनात.

आमच्यात हदगावचा एक टॉवरवर काम करणारा होता. चाळिशीचा, पोट सुटलेला, सारखा बोलणारा. रोज दुपारी त्याच्या बायकोचा फोन यायचा, जेवलात का म्हणून. हा सगळ्यांना ऐकवायचा की, तिला वाटतं इथं मला उपाशी लटकवून राहिलेत. दुपारी दोरावर अंग सोडून एकेकानं खाली यायचं होतं. त्याची पाळी आली तेव्हा मी पाणी प्यायला गेलो होतो. परत आलो तर तो चढत दुसऱ्या मजल्यावर पोचलेला, आणि त्याच्या मांडीवर लाल रेघ.

मी काय ओरडलो ते आठवत नाही. मॅडमनी शिट्टी मारली आणि त्याला जागच्या जागी थांबवलं. दुसऱ्याला नवा बेल्ट घेऊन वर पाठवलं, तो अंगात घालायला लावला आणि मगच शिडीनं खाली आणलं. त्याला दिलेल्या बेल्टचं बक्कल पोटावर लागेना म्हणून त्यानं माझ्या शर्टाखाली लोंबताना दिसलेला खुंटीवरचा घेतला होता. सकाळी माझ्यापाशी काय झालं ते त्यानं ऐकलंच नव्हतं, तेव्हाही फोनवर होता.

"काय मामा, एवढा जीव का बेल्टावर? भाडं लावा पाहिजे तर."

मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, पेटीतून कुणी काढला. मी शाळेत करायचो तसा हात वर केला. त्या रागवल्या, आणि मोजकं रागवल्या. जे बोलल्या ते खरं होतं.

संध्याकाळी हदगाववाला खाटेवर पडून बायकोशी बोलत होता. आजचं काही तिला सांगितलं नाही. भाजीला मीठ कमी होतं, हेच सांगत बसला. मी कूस बदलून ऐकत होतो. ओट्यावर त्या दिवशी आम्हीही असंच काहीबाही बोललो होतो.

खरं लिहितो. तो टाका पक्का आहे असं मी आठ महिने म्हणत होतो. पक्का आहे का नाही, याच्याशी मला घेणं नव्हतं. फाटला असता तरी चाललं असतं. पण तोच टाका दुसऱ्याच्या मांडीवर दिसला आणि एका क्षणात कळलं की माझा त्याच्यावर भरोसा नाही. तिचा हात वाईट नव्हता. वाकळीचा टाका होता तो, वाकळीलाच ठीक. आणि तिला जर कळलं असतं की दाभणाच्या भोकानं पट्टा कमजोर होतो, तर तिनं तो माझ्या अंगात घालू दिला असता का? तिनंच चुलीत घातला असता.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. मॅडम आल्यावर त्यांच्याकडून कात्री मागितली. त्या म्हणाल्या, मी कापू का. मी म्हणालो, न्हाई. पट्टा निबर, कात्री घसरत होती. आधी खांद्याचे कापले, मग कमरेचा, शेवटी मांडीचा. टाक्याच्या अलीकडं एकदा आणि पलीकडं एकदा. वीतभर तुकडा हातात राहिला. तेवढ्यात कुणाची मांडी मावत नाही. मॅडम दुसरीकडं बघत होत्या. मी तो खिशात घातला आणि बाकीचं पेटीत टाकलं.

मग नवा बेल्ट चढवला. कडक होता, वास येत होता. हदगाववाला शेजारी उभा राहून पोटावरचं बक्कल ओढत होता. मी त्याच्याकडं पाठ केली.

"मागं पिळा हाय का बघ."

"हाय की मामा, दोन्हीकडं." त्यानं सावकाश सोडवला, पट्ट्यांवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. "झालं."

"थाप मार."

"आं?"

"पाठीत मार एक."

त्यानं मारली. जरा जोरातच. मी शिडीला हूक लावला आणि पाय उचलला.