बटर फ्रूट आणि अक्कांची शेळी

माझ्या सासूबाईंचे सगळे दात एकदम काढावे लागले, तेव्हा आम्हाला बंगळूरला येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. साठ-एकसष्टचा सुमार असेल. ह्यांना इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली होती आणि यशवंतपूरच्या पुढे कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. सासूबाई साताऱ्याला थोरल्या दिरांकडे असत. दातांनी फार छळलं म्हणून ह्यांनी त्यांना इकडे आणलं. शहरातल्या डॉक्टरांनी दात काढले, आणि हिरड्या पूर्ण भरल्या की कवळी बसवू म्हणाले.

सासूबाई म्हणजे करारी बाई. बोलायच्या कमी, पण बघायच्या अशा की माझ्या हातातलं भांडं निसटायचं. त्यांच्यासमोर मी घाबरूनच वावरत असे. दात गेल्यावर त्यांचं बोलणं आणखीच कमी झालं. तोंडावर पदर धरून बसायच्या. मऊ भात, पेज, शिरा, पुन्हा मऊ भात. हिरड्या भरून आल्या तरी कवळी काही तयार होईना, आणि त्यांचं खाणं दोन घासांवर आलं. ताट पुढून सरकवत एकदा म्हणाल्या, "जिभेला चवच नाही गं. माती खाल्ल्यासारखं वाटतं."

त्यांचा तो आवाज ऐकून मला वाईट वाटलं आणि भीतीही वाटली. माझ्या घरी येऊन त्या वाळत चालल्या होत्या. साताऱ्याला सगळे काय म्हणतील?

आमच्या मागच्या अंगणापलीकडे, एक अरुंद गल्ली सोडून, बंगला होता. तिथे कारखान्यात आलेला एक परदेशी इंजिनिअर आणि त्याची बायको राहायची. त्यांच्या आवारात एक मोठं गर्द झाड होतं आणि त्याला हिरवीगार, नासपतीसारख्या आकाराची फळं लागायची. शेजारच्या अक्कांनी मला पहिल्यांदा सांगितलं, "तंगी, ते बेण्णे हण्णु. बटर फ्रूट. साखर घालायची, दूध घालायचं, सरी होतंय बघ, एकदम छान." अक्कांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच. घरात मराठी बोलायचे, पण निम्मे शब्द कानडी. मला त्या धाकटी बहीण मानायच्या, म्हणून तंगी. त्यांच्या यजमानांना पोटाचा त्रास होता, त्यांच्या दुधासाठी अक्कांनी मागच्या अंगणात एक शेळी पाळली होती. काळी, कपाळावर पांढरा ठिपका. अक्का तिच्याशी माणसासारखं बोलायच्या.

बंगल्यातल्या बाईंनी मात्र त्या फळाचं तिखट काहीतरी केलेलं मी पाहिलं होतं. त्यांनी पूर्वी मेक्सिकोत काही वर्षं काढली होती. माझं मोडकं इंग्रजी त्यांना आवडायचं, म्हणून कधीकधी हाक मारायच्या. एकदा त्यांनी फळ चिरून आतला गर काट्याने ठेचला, वर कांदा, मिरची, कोथिंबीर घातली आणि ताजं लिंबू पिळलं. लिंबू पिळताना मला बजावून सांगितलं, हे कमी करू नको, नाहीतर काळं पडतं. पदार्थाचं नाव मला तेव्हा उच्चारता आलं नाही. आज माझी नात त्या फळाला अवोकाडो म्हणते आणि ह्या पदार्थाला ग्वाकामोले, तेच ते.

सासूबाईंनी ताट सरकवलं त्या दिवशी मला हे आठवलं. बाई नवऱ्याबरोबर उटीला गेल्या होत्या, पण जायच्या आधी चार फळं देऊन गेल्या होत्या. दाबून पाहिलं तर एक अगदी मऊ झालं होतं. चावायला काही नाही, आणि चवीला आंबट, तिखट. सासूबाईंना ह्याहून चांगलं काय मिळणार?

दारातल्या लिंबाच्या झाडाचं एकच लिंबू हाताला लागलं. फळ चिरलं. बी सुपारीपेक्षा केवढी तरी मोठी, गुळगुळीत. गर पितळेच्या वाडग्यात काढून पळीच्या पाठीने घोटला. सासूबाई कांदा खात नसत, म्हणून त्याऐवजी आलं किसून घातलं. मिरची आणि भाजलेलं जिरं खलबत्त्यात अगदी बारीक केलं. मीठ, कोथिंबीर, आणि वरून लिंबू. साली आणि बी मागच्या अंगणात कचऱ्याच्या ढिगावर टाकली.

"हे कसलं भरीत?" सासूबाईंनी विचारलं.

"फळाचं आहे, आई. चावायला लागत नाही. बघा तरी."

त्यांनी बोटावर घेऊन चाखलं.  मग त्यांनी ते मऊ भातात कालवलं आणि बघताबघता सगळं संपवलं. पुन्हा मागून घेतलं. शेवटी ताट बोटाने निपटून म्हणाल्या, "लिंबानं तोंडाला पाणी सुटलं बघ." मला आनंदाने रडू यायचं बाकी होतं. त्या जाऊन आडव्या झाल्या आणि लगेच त्यांचा डोळा लागला.

मी माझं ताट वाढून घेणार इतक्यात अक्कांची किंकाळी ऐकू आली.

धावत मागे गेले. शेळी अक्कांच्या अंगणात पाय ताणून पडली होती. पोट भात्यासारखं हलत होतं, मान सुजल्यासारखी दिसत होती. अक्का तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"काल संध्याकाळपासून गप्प होती गं. आता बघ काय झालं! काहीतरी विषारी खाल्लं हिनं."

माझं लक्ष आमच्या कचऱ्याच्या ढिगाकडे गेलं. साली नव्हत्या. मघाशीच टाकलेल्या साली गेल्या होत्या आणि बी तेवढी चिखलात पडली होती, तिच्यावर दातांच्या खुणा होत्या.

 "अक्का," मी म्हणाले, "हिनं बटर फ्रूटच्या साली खाल्ल्या. मी टाकल्या होत्या. आणि तेच फळ मी आईंना घातलंय."

अक्कांनी शेळीच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आम्ही खातो की गं ते. दूध-साखर घालून." पण त्यांचा आवाज कापत होता. "मिरची-लिंबू घालून कुणी खाल्लेलं मी नाही पाहिलं."

त्या एका वाक्याने माझा उरलासुरला धीर सुटला. लिंबाने काही बिघडलं असेल का? आणि मग आठवलं, पितळेचा वाडगा! त्याची कल्हई कडेला उडाली होती. आंबट त्यात कळकतं हे मला लहानपणापासून शिकवलेलं, आणि आज गडबडीत त्यातच लिंबू पिळलं होतं. घरात धावले. वाडग्यात थोडंसं उरलं होतं. मघाशी पोपटी असलेलं आता वरून काळपट झालं होतं.

सासूबाई हालचाल न करता झोपल्या होत्या. दात नसल्यामुळे तोंड आत गेलेलं, ओठ किंचित उघडे. छाती हलते की नाही ते मला कळेना. मी वाकून त्यांच्या नाकापुढे तळहात धरला. वारा लागतोय की नाही ते समजेना.

त्यांनी डोळे उघडले. "काय गं?"

लपवावं असं मनात आलंच नाही. तेवढी शक्तीही नव्हती. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. शेळी, साली, कल्हई, काळा पडलेला गर. आता ओरडतील, मारतीलसुद्धा, असं वाटलं. त्या नुसत्या उठून बसल्या.

"मी डॉक्टरांना बघते," मी म्हणाले. वसाहतीचा दवाखाना दुपारी बंद असायचा, पण कंपाउंडर मागेच राहायचा. हे कारखान्यात, संध्याकाळचा भोंगा व्हायच्या आत सुटणार नव्हते.

मी वळले, तर सासूबाईंनी माझा पदर धरला. घट्ट.

"मला एकटीला टाकून जाऊ नकोस."

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी खाली बसले. त्यांचा हात गार होता. इतके महिने मी ज्यांना घाबरत होते त्या माझ्याहून जास्त घाबरल्या होत्या, आणि त्याने मला धीर यायच्या ऐवजी मी पुरती गळून गेले. आता घरात कुणीच मोठं उरलं नाही असं वाटलं.

पुढचं मी का केलं ते मला नीट सांगता येत नाही. वाडगा शेजारीच ठेवला होता. मी त्यातलं बोटांनी काढून तोंडात घातलं. एक घास, मग दुसरा. ह्या गेल्या आणि मी राहिले तर मी कुणाला तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

"काय करतेस हे?" सासूबाईंनी माझ्या हातावर फटका मारला. वाडगा खणखणत भिंतीला जाऊन लागला. "मी खाल्लं ते नकळत. तू कळून खातेस? वेडी का काय!"

मी गिळून बसले होते.  जीभ चुरचुरायला लागली. मिरचीमुळे असेल, पण मला वाटलं विष चढलं. कानात ठोके ऐकू येऊ लागले. सासूबाई म्हणाल्या, "माझंही छातीत धडधडतंय." मी म्हणाले, "पोटात?" "पोटात नाही. तुझ्या?" "कळत नाही." त्यांनी मला पाणी पाजलं, मी त्यांना पाजलं. त्या पुटपुटत देवाचं नाव घेऊ लागल्या आणि मधेच थांबून विचारू लागल्या, "हात सुन्न होतो का गं? माझा डावा होतोय." डावा हात मी धरून ठेवला होता. मी तो सोडल्यावर त्यांना बरं वाटलं, तरी पुन्हा त्यांनीच माझा हात ओढून घेतला.

बाहेर जटक्याच्या घोड्याच्या टापा ऐकू आल्या. अक्कांचे यजमान त्या दिवशी घरीच होते, ते जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले होते. मी सासूबाईंना धरून मागच्या दारापर्यंत आणलं. एकटं राहायला त्या तयार नव्हत्या.

डॉक्टर शेळीपाशी वाकले होते. त्यांनी तिची कास, मान, डोळे पाहिले. मग उठून गल्लीत बंगल्याच्या भिंतीपाशी गेले. बंगल्याच्या माळ्याने आदल्या दिवशी झाडाच्या फांद्या छाटून भिंतीवरून इकडच्या गल्लीत टाकल्या होत्या. मोठा ढीग होता, आणि खालच्या फांद्यांना एक पान उरलं नव्हतं. साल ओरबाडलेली होती.

"हे खाल्लंय," ते कानडीत म्हणाले. "ह्या झाडाचा पाला जनावरांना बाधतो. काळजावर जातो."

"आणि फळ?" मला कानडी धड येत नव्हती. मी हाताने सासूबाईंच्या तोंडाकडे, मग माझ्या तोंडाकडे दाखवलं. "हण्णु! आम्ही दोघींनी खाल्लं!"

डॉक्टरांना काही कळेना. अक्कांनी रडत रडत त्यांना समजावलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. एक दात नसलेली म्हातारी, एक रडून डोळे सुजलेली पोरगी, दोघी एकमेकींना धरून उभ्या. त्यांनी सासूबाईंची नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, माझंही तसंच केलं.

"गर माणसाला काही करत नाही. मी स्वतः खातो. लिंबू घातलं तर चांगलंच," ते म्हणाले आणि अक्कांनी ते मराठीत सांगितलं. गर काळा का पडला, ते मी विचारलं. सफरचंद चिरून ठेवलं तर ते काळं पडतं की नाही, तसंच, म्हणाले. कल्हईचं सांगितल्यावर मात्र ते गंभीर झाले. "त्याने मळमळेल, उलटी होईल. अजून काही झालं नाही ना? मग आता होणार नाही. वाडगा बदला."

"आणि साली?" मी विचारलं. "मी साली टाकल्या होत्या."

 "सालीही वाईट. पण ही कालपासून पाला खात होती." एवढंच म्हणाले आणि पुन्हा शेळीकडे वळले.

शेळी वाचली नाही. ऊन उतरायच्या आत गेली. मी अक्कांजवळ जाऊन बसले.  अक्कांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. "स्वल्प शांत हो, तंगी. तुझी सासू आहे ना घरात? बस्स." त्यांचा हात ओला होता.

संध्याकाळी हे आले, सगळं ऐकून मोठ्याने हसायला लागले. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "हसू नकोस," त्या म्हणाल्या. तोंडावर पदर धरायचं विसरल्या होत्या. "आज चूल तू पेटव. ही उठणार नाही." मुलाला चूल पेटवायला सांगणाऱ्या सासूबाई मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या, नंतरही नाही.

बाई उटीहून आल्यावर त्यांनी गल्लीतला ढीग उचलून जाळायला लावला आणि अक्कांची माफी मागायला आल्या. अक्कांनी पुन्हा शेळी पाळली नाही. उरलेली तीन फळं मी पिकून काळी होईपर्यंत तशीच ठेवली आणि मग खोल खड्डा करून पुरली. हात लावायचीही भीती वाटत होती.

कवळी बसल्यावर सासूबाई साताऱ्याला परत गेल्या. निघताना यशवंतपूरच्या फलाटावर त्यांनी मला जवळ ओढलं. कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "तेव्हा तू घास घेतलास, तो भीतीनं ना?"

"हो," मी म्हणाले.

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. गाडी हलली तरी त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं, आणि मला डब्याबरोबर चार पावलं धावावं लागलं.