दुसरी पंगत

पानगळीच्या दिवसांत अंगणवाडीच्या बाई मुलांना गावाबाहेरच्या सागवनात आणतात. गळलेली पानं मोजत मुलं आकडे शिकतात, मग खेळतात. काल मी तिथून जात होते, तेव्हा लग्नाची पंगत बसली होती. सागाच्या पानांवर मातीचे लाडू वाढले होते. सोनी नावाच्या मुलीला मात्र कुणी पान मांडलं नव्हतं.

"तू उष्टी काढ," नवरीची आई झालेली मुलगी तिला म्हणाली.

सोनीने सगळी पानं उचलली. दुसरी पंगत बसायला लागली, तेव्हा तिने विचारलं, "आता मी बसू?"

"मग उष्टी कोण काढणार गं?"

सोनीने इकडेतिकडे पाहिलं आणि आपल्या धाकट्या बहिणीला दंडाला धरून पुढे ओढलं. "ही काढंल की!"

लगेच सगळी सरकली. सोनीला जागा झाली.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. शाळेने मला वर्गात बसवलं, हे उपकार मी चारचौघांत नेहमी सांगते. मी वर्गात बसले म्हणून घरच्या शेळ्यांमागे माझी धाकटी गेली, हे मात्र कधी सांगत नाही.

सोनी मांडी घालून ऐटीत बसली होती. बहीण वाकली, तशी ती तिच्यावर खेकसली, "नीट उचल. सांडलंस तर बघ!"