हिरव्या पुस्तकातली रांगोळी

महिन्यापूर्वी, एका रविवारी सकाळी, एका साध्या कमेंटने मला दरदरून घाम फोडला.

डिसेंबरअखेर मी वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांच्या चळतीचा फोटो इथेच टाकला होता. शेजारी हसरी मी, खाली तुमचे भरघोस लाइक्स... त्यावर आता एका मुलीने विचारलं होतं, "ताई, खालून तिसरं ते हिरवं पुस्तक कसं आहे? घेऊ का?"

मी ऐटीत उत्तर टाइप करायला घेतलं आणि काही सुचेचना. गोष्ट कुणाची, कुठे घडते, शेवट काय... काही म्हणजे काहीच आठवेना. पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर वाचायचा मोह झाला, पण ती कॉपी झाली असती.

मग कपाटापुढे उभी राहून एकेका पुस्तकाची स्वतःचीच तोंडी परीक्षा घेतली. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, मुलांना 'घोकू नका, समजून घ्या' म्हणून पिडलं... आणि आता निम्म्याहून जास्त पुस्तकांत मीच नापास!

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, सगळेच विसरतात. पण माझ्या वडिलांचं, अण्णांचं, असंच सुरू झालं होतं. एका सकाळी पेपरात त्यांच्या जुन्या मित्राच्या निधनाची बातमी होती. वाचून अण्णा रडले, पेपर नीट घडी करून ठेवला... थोड्या वेळाने तोच पेपर उघडून पुन्हा तसेच रडले. दुपारपर्यंत तीनदा.

आजाराची आम्हाला कळलेली ती पहिली खूण. तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. मी साठ पूर्ण केलीत.

तीन दिवस घरात कुणाला काही बोलले नाही. गॅस बंद केलाय ना, हे चार चार वेळा बघत होते. नवऱ्याशी बोलताना आधी मनात वाक्य जुळवायचे, मगच तोंड उघडायचे. वाचायला पुस्तक हातात घ्यायचीही भीती वाटायला लागली...

बुधवारी भाजीला गेले. इंदिरानगरात आमच्या कोपऱ्यावर दर बुधवारी हिराबाई बसतात. मखमलाबादकडे त्यांचा मळा आहे. भाजी घेतली आणि पिशवी तिथेच ठेवून चालू लागले. मागून त्यांची हाक आली तेव्हा भर रस्त्यात रडू फुटलं.

हिराबाईंनी पोत्यावर बसवलं, पाणी दिलं. घरच्यांना सांगितलं नव्हतं ते सगळं मी त्यांना सांगून टाकलं. हिरव्या पुस्तकाचं नाव निघालं तशा त्या मेथीची जुडी बांधता बांधता थांबल्या.

"अवं ताई, ती धरणातली बाई ना? तुम्हीच तर सांगितली व्हती, श्रावणात. हितंच, रिक्षाची वाट बघत. पुस्तक हातात व्हतं तुमच्या."

आणि मग त्यांनी मला माझंच पुस्तक सांगितलं. बाईचं गाव धरणाखाली जातं. पण दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिच्या घराचा उंबरा उघडा पडतो. ती होडीतून तिथवर जाते, उंबरा हाताने धुते, त्यावर रांगोळी काढते आणि परत येते. ऐकता ऐकता माझ्याही डोळ्यांपुढे ते गाव एकेक घर करत वर यायला लागलं...

घरी आले ती तडक पुस्तक घेऊन बसले. होडी सापडली, उंबरा सापडला, बाई त्यावर बसलीसुद्धा. पण रांगोळी कुठेच नव्हती! पुन्हा वाचलं. नाहीच. म्हणजे तेव्हाही मी भलतंच सांगितलं होतं? श्रावणापासूनच सुरू झालंय?

पुढचा बुधवार येईपर्यंत जीव टांगणीला. गेल्या गेल्या विचारलं, तर हिराबाई खळखळून हसल्या.

"रांगोळी तुम्ही नाय सांगितली. ती आमची हाय. खुरपताना मी बायांना गोष्ट सांगते. त्यातली हरसूलकडची एक म्हणली, उंबऱ्यापर्यंत गेलेली बाई नुसती बसून माघारी येईल व्हय? तवापास्नं रांगोळी घालते."

मी ते पुस्तक दोन दिवसांत संपवलं होतं आणि मिटल्या मिटल्या पुढचं उघडलं होतं. चळत वाढवायची होती ना! हिराबाईंनी एकच गोष्ट वाफ्यावाफ्यातून फिरवली, तिच्याशी भांडल्या, तिच्यात स्वतःच्या हातची रांगोळी घातली. त्यांच्याकडे ती राहिली, यात नवल ते काय...

भीती गेली म्हणाल, तर नाही. नवऱ्याला सगळं सांगितलंय, सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय. रात्री अजून गॅस दोनदा बघते. चारदा नाही, एवढीच काय ती प्रगती.

पण आता पुस्तक संपलं की लगेच दुसरं उघडत नाही, बुधवारची वाट बघते. हिराबाई पोतं झटकून ठेवतात आणि "हं, पुढं?" म्हणतात. त्या मुलीलाही उत्तर दिलंय... 'जरूर घे', आणि गोष्टही थोडक्यात सांगितली, रांगोळीसकट.

आणि एक मागणं, तुम्हा सगळ्यांकडे. उद्या माझंही अण्णांसारखं झालंच, तर मला कपाटापुढे नेऊन उभं करू नका. मखमलाबादच्या त्या मळ्यात, खुरपणाऱ्या बायांच्या जवळ नेऊन बसवा. माझी पुस्तकं तिथे आहेत.