लाल पोपट

"सांगा पाहू, हा रंग कोणता?"

बाटली उंच धरून आमचे ड्रॉइंगचे सर विचारायचे आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "हिरवा!" सर मान हलवायचे, "शाब्बास" म्हणायचे आणि त्या बाटलीत कुंचला बुडवायचे. देऊळघाटच्या शाळेत आम्ही सातवीत होतो. इतका सोपा प्रश्न हा माणूस रोज का विचारतो, असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात कधी आलं नाही. मास्तरांनी सोपं विचारलं तर गुपचूप उत्तर द्यावं, एवढीच आमची अक्कल.

सर किडकिडीत, उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. फळ्यावर बैल काढायचे तो शेपटीपासून सुरू करून, खडू न उचलता थेट शिंगापर्यंत. आम्ही श्वास रोखून बघायचो. त्यांनी कोणाला मारल्याचं मला आठवत नाही. फक्त रंगांच्या पेटीतली बाटली कोणी जागची हलवली, की त्यांचा आवाज चढायचा. "काऊन हात लावला बे? जिथली तिथं ठेव!"

एकदा प्रश्न विचारून झाल्यावर कोणीतरी हलवलीच, आणि त्या दिवशी सरांच्या कागदावर तांबडी ज्वारी उगवली. मोठे चित्रकार अशीच काढत असतील, असं समजून आम्हीही सगळ्यांनी तांबडीच काढली. तुमच्याही शाळेत असे एखादे सर असतील. त्यांच्या चुकासुद्धा आपण मन लावून गिरवतो.

त्या हिवाळ्यात बुलढाण्याला मुंबईच्या चित्रांचं प्रदर्शन आलं. सरांनी हेडमास्तरांच्या मागे लागून परवानगी काढली आणि दोन बैलगाड्यांत आम्हा सतरा पोरांना भरलं. हेडमास्तर पुढे सायकलवर.

दालनाच्या दाराशी आम्ही सगळ्यांनी चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. सरांनीही काढल्या. आत छतापर्यंत चित्रं होती. एका चित्रातल्या बाईच्या हातावरचं पाणी इतकं ओलं होतं, की माझी मैत्रीण लांबूनच बोट पुढे करून पाहत राहिली. दुसरीने तर हात जोडले. एवढं सुंदर काही माणसाच्या हातून होतं, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

शेवटच्या खोलीत छपाई होती. मुंबईहून आलेले एक तरुण चित्रकार पोरांकडून ठसे छापून घेत होते. त्यांच्याजवळ पोपटाचे दोन ठसे होते, एक अंगाचा, एक चोचीचा. टेबलावर काचेच्या दोन तुकड्यांवर शाई पसरलेली, एकावर लाल, दुसऱ्यावर हिरवी.

"पहिला कागद तुमच्या सरांनी छापावा," ते म्हणाले. "सर, आधी हिरवं अंग."

सरांनी आमच्याकडे पाहिलं. पण खोलीत दुसऱ्या शाळेची पोरं होती, त्यांचे मास्तर होते, आमचे हेडमास्तर होते. रोजचा प्रश्न सरांनी विचारला नाही. शाई लावायचा रूळ उचलून त्यांनी एका काचेवर फिरवला, तोच ठशावर फिरवला, कागद ठेवून दाबला आणि अलगद उचलला.

पोपट लालभडक आला.

"काय सर," दुसऱ्या शाळेचे मास्तर खो खो हसले, "तुमच्या देऊळघाटचे पोपट असेच राह्यतेत काय?"

बाटल्यांची पेटी, तांबडी ज्वारी, सगळा उलगडा एकदम झाला. सरांना लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नव्हते. हे हेडमास्तरांना कळलं तर ड्रॉइंगचा वर्ग गेला, आणि सरांना दुसरं काही शिकवायला येत नव्हतं. मी पुढे होऊन सांगून टाकलं, "मीच सरांना लाल शाईत रूळ फिरवायले सांगतलं. गंमत केली."

सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "नाही. पोरगी माह्यासाठी खोटं बोलून राह्यली." मग हेडमास्तरांकडे वळून म्हणाले, "मले लाल अन् हिरवा एकसारखाच दिसते. लहानपणापासून."

त्यांना गप्प राहता आलं असतं.

पुढचं आधीच सांगून टाकते. हेडमास्तर वाईट नव्हते, पण गोष्ट वर गेलीच. उन्हाळ्यानंतर शाळा उघडली तेव्हा सर नव्हते. संग्रामपूरकडे, आपल्या गावी शेती पाहतात, एवढं कानावर आलं. नव्या सरांना सगळे रंग कळायचे, बैल मात्र जमायचा नाही.

पण ती दुपार सरांचीच होती. त्या तरुण चित्रकारांनी टेबलावरच्या दोन्ही काचा उचलल्या आणि सरांसमोर कोरायचा लाकडाचा मोठा तुकडा, हत्यारं आणि काळी शाई ठेवली. सर खाली बसले. "तुम्ही जा, चित्रं पाहा," आम्हाला म्हणाले. आम्ही भाकरी खाल्ली, सर जेवायलाही उठले नाहीत. आम्ही खोलीच्या दारासमोरच्याच भिंतीपुढे उभे राहून पुन्हा चित्रं पाहत होतो आणि पाठीमागे नुसती कोरण्याची खरखर येत होती.

उन्हं उतरायच्या सुमारास त्यांनी हाक मारली. ठशावर दाबलेल्या कागदाचं टोक धरून त्यांनी तो वर उचलला.

कागदावर आम्हीच होतो. पाठमोरे, ओळीने, चित्रं पाहत उभे. सुटलेली रिबीन, वाकडी टोपी, एका पायाने दुसरी पोटरी खाजवणारा पोरगा. चेहरा एकाचाही नाही, पण प्रत्येकाने आपल्याला ओळखलं.

"सर, मी तं त्या कोपऱ्यात होते!" माझी मैत्रीण म्हणाली.

"छापलं की उलटं येते, माय," सर हसले. "मीच इसरलो."

काळं आणि पांढरं, बस. सर मध्ये आणि आम्ही भोवती, कितीतरी वेळ बघत उभे राहिलो. त्या कागदावर त्यांना जेवढं दिसत होतं तेवढंच आम्हाला दिसत होतं, आणि आम्हाला दिसत होतं ते सगळं त्यांना.